मोगलीकाकांचा रविवार

आमच्या चारकोपच्या सोसायटीत मोगलीकाकांचं खरं नाव फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर असतं. वॉचमनपासून इस्त्रीवाल्यापर्यंत बाकी सगळ्यांसाठी ते मोगलीकाकाच. जंगलात वाढलेल्या, चड्डीवर हिंडणाऱ्या काटक पोराचं नाव ज्यांना चिकटलं, ते गृहस्थ चाळिशी ओलांडलेले आहेत, मालाडच्या माइंडस्पेसमध्ये एसीत बसून इनव्हॉइस तपासतात आणि पहिल्या मजल्यावर जायलाही लिफ्टची वाट बघतात. नाव मात्र त्यांना मनापासून आवडतं. सोसायटीत नव्याने आलेल्या एका पोराने गोंधळून त्यांना 'भालूकाका' म्हटलं, तर पुढचे कित्येक दिवस त्या पोराचा बॉल काकांच्या गॅलरीतून परत आला नाही.

ही जमात एकट्या आमच्या सोसायटीची नव्हे. महावीर नगरच्या सँडविचच्या गाडीपाशी, ठाकूर व्हिलेजच्या बागेत, सकाळच्या चर्चगेट स्लोमध्ये दाराशी लटकणाऱ्या घोळक्यात, कुठेही हे सापडतात. विषय कोणताही काढा. लिंक रोडवरचे खड्डे, कांद्याचा भाव, रोहितची निवृत्ती. तिसऱ्या वाक्याला गाडी 'आमच्या वेळी'वर येते आणि चौथ्याला रविवार सकाळच्या दूरदर्शनवर. पाचव्या वाक्याला मोगलीकाका नाना पाटेकर होतात. 'जंगल बुक'च्या हिंदी अवतारात शेरखानचा आवाज नानाचा होता, ही माहिती त्यांनी आजवर एकदाही साध्या आवाजात दिलेली नाही.

"आत्ताच्या कार्टूनमध्ये आहे काय?" हा त्यांचा ठरलेला सवाल. "तो मोटू समोसे खातो आणि मारामाऱ्या करतो. तो नोबिता आईशी खोटं बोलतो. शिनचॅनचं तर नावच काढू नका. आमच्या वेळी कार्टूनला संस्कार होते, संस्कार!"

आता हे संस्कार कोणते, याचा मी शोध घेतला. 'डकटेल्स'मध्ये एक श्रीमंत बदक स्वतःच्या तिजोरीतल्या नाण्यांत सूर मारून पोहायचं. टॉम नावाचं मांजर जेरीला फ्रायपॅनने सपाट करायचं आणि जेरी त्याच्या शेपटीला सुरुंग बांधायचा. पॉपाय नावाचा खलाशी पालकाचा डबा तोंडात उपडा करून आपल्या मैत्रिणीच्या दुसऱ्या चाहत्याला क्षितिजापार ठोसा मारायचा. यातला पालक काकांनी घट्ट धरून ठेवला आहे. "त्या पॉपायमुळे आमची पिढी पालेभाज्या खायला शिकली," असं ते परवा जिन्यात सांगत होते. तेवढ्यात त्यांच्या आई खाली उतरत होत्या. त्या म्हणाल्या, "काय खोटं बोलतोस रे! पालकाची भाजी पोळीत गुंडाळून शेजारच्यांच्या कुंडीत टाकायचास. त्यांची तुळस मेली त्यात."

काकांच्या आई म्हणजे काकांच्या बालपणाच्या एकमेव हयात साक्षीदार, आणि सरकारी वकिलांना हव्या असतात तसल्या. जागतिक बँकेच्या पैशातून म्हाडाने चारकोपला छोटे छोटे प्लॉट पाडले, त्यावर लोकांनी बैठी घरं बांधली, त्यातल्याच एका घरात हे कुटुंब ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आलं. टीव्ही आधी शेजारी होता, मग यांच्याकडे आला. अँटेना फिरवण्याची गोष्ट काका इतकी रंगवून सांगतात की वाटावं, कळसूबाईवर चढून फिरवत होते. आई म्हणतात, "पत्र्यावर हे चढायचे. म्हणजे याचे वडील. हा खाली बसून 'नाही आलं, नाही आलं' ओरडायचा. आलं असलं तरी."

काकांचे चिरंजीव सहावीत आहेत. आजच्या मुलांना काही ठाऊक नसतं, हे काकांचं मत. पण या मुलाला मोबाइलवर दोन मिनिटांत काहीही काढता येतं. गेल्या मे महिन्यात गच्चीवर काकांचं प्रवचन चालू होतं, विषय 'आपली कार्टून आणि आजची कार्टून'. चिरंजीव मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. मध्येच त्यांनी विचारलं, "बाबा, टॉम अँड जेरी तुमच्या वेळचं ना?"

"अर्थात!"

"१९४०."

काका थांबले.

"स्कूबी-डू १९६९. तुम्ही सांगता तो दूरदर्शनवरचा स्पायडरमॅन १९६७. तेव्हा आजोबा शाळेत होते. म्हणजे ही आजोबांच्या वेळची कार्टून झाली."

"पण तुमचा तो डोरेमॉन..."

"जपानमध्ये टीव्हीवर १९७९ पासून. तुमच्यापेक्षा मोठा आहे. त्याला काका म्हणा. आणि शिनचॅन १९९२. तुमचं जंगल बुक जपानमध्ये १९८९ ला आलं, इकडे दूरदर्शनवर १९९३ मध्ये. म्हणजे शिनचॅन आणि मोगली एकाच वर्गातले."

"जपानमध्ये?" काकांचा आवाज नानाचा राहिला नव्हता. जपानी कार्टूनांनी आपल्या मुलांची वाट लावली, हे त्यांच्या प्रवचनाचं दुसरं पर्व अजून व्हायचं होतं. आपला मोगली, गुलजारांनी ज्याच्या चड्डीवर गाणं लिहिलं आणि विशाल भारद्वाजनी ज्याला चाल लावली तो मोगली, जपानी कंपनीने काढलेला होता, हा घाव वर्मी बसला. त्या रात्री ते जेवले नाहीत असं म्हणतात. काकू म्हणतात जेवले, फक्त ताक घेतलं नाही.

खरं तर मूळ भारतीय, त्यातही आपल्या माणसांनी केलेलं काही हवं असेल तर ते शोधायला लांब जायला नको. दादासाहेब फाळक्यांनी शंभराहून जास्त वर्षांपूर्वी आगपेटीच्या काड्या पडद्यावर नाचवल्या होत्या. 'एक अनेक और एकता' या फिल्म्स डिव्हिजनच्या १९७४ च्या छोट्या कार्टूनपटामागे विजया मुळे होत्या, अभिनेत्री सुहासिनी मुळे यांच्या आई. त्यातली एकजुटीने जाळं घेऊन उडणारी पाखरं काकांनी शंभर वेळा पाहिली आहेत, पण नावं वाचायच्या आतच ते बिस्किट आणायला स्वयंपाकघरात पळायचे. आणि मुंबई दूरदर्शनचं 'किलबिल'? ते काकांच्या आठवणींतून साफ पुसलं गेलंय. त्यात स्वच्छ भांग पाडलेली मुलं शुद्ध मराठीत बोलायची आणि ती बघून आई म्हणायच्या, "बघ, बघ जरा." असल्या गोष्टी कोण जपून ठेवतो?

काकांचा आणखी एक लाडका आरोप म्हणजे आजची कार्टून नुसती दप्तरं आणि डबे खपवण्यासाठी काढतात. यात तथ्य आहेच. आमच्या लिंक रोडच्या स्टेशनरीच्या दुकानात छोटा भीम नसलेली पाण्याची बाटली मागितली तर दुकानदार संशयाने बघतो. पण ज्या ही-मॅनची तलवार म्हणून काकांनी झाडू उपसून तो ट्यूबलाइटवर घातला होता (साक्षीदार: आई), त्या ही-मॅनच्या बाहुल्या बाजारात आधी आल्या, १९८२ मध्ये, आणि त्या खपाव्यात म्हणून कार्टून मागाहून, १९८३ मध्ये. मी हे काकांना सांगितलेलं नाही. ताक सुटलंय, आता जेवणही सुटायचं.

त्यांचं एक म्हणणं मात्र मला पटतं, जरी ते स्वतः ते कधी मांडत नाहीत. दूरदर्शनची सगळी थोरवी त्याच्या कंजुषीत होती. आठवड्यातून अर्धा तास कार्टून आणि बाकी वेळ आमची माती आमची माणसं. एकच वाहिनी असली की सगळ्यांच्या आवडी आपोआप जुळतात. सोमवारी शाळेत सगळ्यांनी तेच पाहिलेलं असायचं, त्यामुळे मोगली कोण आणि शेरखान कोण यावरून मधल्या सुट्टीत रीतसर मारामारी करता यायची. १९९५ ला कार्टून नेटवर्क आलं, तेही सुरुवातीला संध्याकाळी गाशा गुंडाळायचं आणि त्याच जागी टीएनटीचे जुने इंग्रजी सिनेमे सुरू व्हायचे. स्वॅट कॅट्सची विमानं बघत बसलेल्या पोरासमोर एकदम कोणीतरी हॅट घातलेला कृष्णधवल इसम सिगारेट पेटवायचा. तेव्हा उठून अभ्यासाला बसावं लागायचं, म्हणून तो इसम आजही काकांना शत्रू वाटतो. आजच्या मुलांना असा इसमच भेटत नाही. कार्टून संपतच नाही.

हे काकांनी लोकांना नीट सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण ते सांगतात तेव्हा वेळ चुकते. डहाणूकरवाडीहून मेट्रोत चढले की मालाड येईपर्यंत मिनिटं हाताशी मोजकीच, त्यामुळे घाई असते. एकदा समोरच्या सीटवर एक गुजराती बाई दीड-दोन वर्षांचं पोर मांडीवर घेऊन बसली होती आणि पोराच्या हातातल्या मोबाइलवर एक गुलाबी डुक्कर चिखलात उड्या मारत होतं. काकांनी वाकून, हसून, हिंदीत, बालमानसशास्त्राला हात घातला. बाईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भाई, बे मिनिट शांति मळी छे, रेवा दो ने." काका वळनईलाच उतरले. पुढची मेट्रो पकडून ऑफिसला गेले.

२०२० च्या एप्रिलमध्ये, लॉकडाऊनमध्ये, दूरदर्शनने 'जंगल बुक' पुन्हा लावलं, तेव्हा कांदिवलीत सगळ्यात आनंदी माणूस काकाच होते. पण ते लागायचं दुपारी, आणि दुपारी काकांची व्हिडिओ मीटिंग. पहिल्या दिवशी त्यांनी कॅमेरा बंद केला, टीव्ही लावला, गाण्याबरोबर गायलेही. माइक बंद करायचा राहिला. दुसऱ्या दिवसापासून साहेबांनी रोज मीटिंगची सुरुवात "मोगली, तू आहेस ना?" अशी केली, आणि काकांचं जंगल बुक दुसऱ्यांदा हुकलं.

'रामायण: द लिजेंड ऑफ प्रिन्स रामा' हा जपानच्या युगो साको आणि आपल्या राम मोहन यांनी मिळून केलेला चित्रपट २०२५ च्या जानेवारीत नव्या झळाळीने थिएटरात आला, तेव्हा काकांनी अख्ख्या कुटुंबाला नेलं. जुन्या हिंदीतले अरुण गोविल आणि अमरीश पुरी यांचे आवाज आता नाहीत हे कळल्यावर मध्यंतरापर्यंत ते प्रत्येक संवाद आधी स्वतःच म्हणत होते. मागच्या रांगेतल्या एका छोट्या मुलीने विचारलं, "मम्मी, दोन रावण का बोलतायत?" चिरंजीवांना सिनेमा फार आवडला. काकांना तेवढ्यापुरता विजय मिळाला.

त्याच जोरावर यंदा गणपतीच्या सुट्टीत त्यांनी चिरंजीवांना शेजारी बसवलं, मोबाइल टीव्हीला जोडला आणि 'जंगल बुक'चा पहिला भाग लावला. गाणं सुरू झालं. काकांनी डोळे मिटले. चिरंजीवांनी स्क्रीनवर दोनदा टिचकी मारली, दहा सेकंद पुढे. पुन्हा दोनदा. गाणं संपलं.

"अरे! गाणं काय घालवतोस?"

"इंट्रो आहे ना बाबा. स्टोरी बघू की."

स्टोरी. इथे काकांच्या लक्षात एक भयंकर गोष्ट आली. त्यांना स्टोरी आठवतच नव्हती. लांडगे आठवत होते, बगीरा आठवत होता, नाना आठवत होते, गाणं तर रक्तात होतं. पण ५२ भागांत मोगलीने नक्की काय केलं, गावात गेला की जंगलात राहिला, शेरखानचं काय झालं, यातलं काहीही नाही. कारण रविवारी कधी लाइट जायची, कधी मामाकडे भाईंदरला जावं लागायचं, कधी बागेत मॅच असायची, आणि बरेचदा गाणं संपताच आई टीव्ही बंद करून आंघोळीला हाकलायच्या. (आई: "मग? दहा वाजले तरी पारोसाच बसायचा.")

चिरंजीवांनी चार दिवसांत, आरती आणि जेवणं सांभाळून, ५२ च्या ५२ भाग संपवले. विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोलाच्या आवाजावर आवाज चढवून ते म्हणाले, "बाबा, शेवटी काय होतं माहितीये? मोगली ना..."

"गप्प! सांगू नकोस!" मोगलीकाकांनी दोन्ही हातांनी कान झाकले. गेली तीस वर्षं 'जंगल बुक'वर बोलत आलेला माणूस भर रस्त्यात ओरडत होता, "मी अजून बघितलेलं नाही!"

आता दर रविवारी सकाळी ते एकच भाग बघतात. एकच, असा त्यांचा नेम आहे, आणि गाणं पूर्ण ऐकतात. सध्या अकराव्या भागावर आहेत. चिरंजीव बाजूच्या खोलीतून अधूनमधून "सांगू का? सांगू?" असं ओरडतात, आणि शेवट न सांगण्याबद्दल त्यांना दर आठवड्याला महावीर नगरचं एक चीज ग्रिल्ड मिळतं. गेल्या रविवारी आजींनी आतून विचारलं, "अरे, आंघोळ झाली का?"