तिकडे उकडत नाही

दुबईत नव्याने उतरलेल्या मराठी माणसाला पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी मिळतात: फोनचं सिमकार्ड, एमिरेट्स आयडीसाठी बोटांचे ठसे द्यायची तारीख आणि एक काका. पहिल्या दोन गोष्टींसाठी अर्ज करावा लागतो. काका आपण होऊन येतात. कुणाच्या तरी घरच्या सत्यनारायणाला, मंडळाच्या गणपतीत, नाहीतर थेट इमारतीच्या लिफ्टमध्ये ते भेटतात आणि गाव, आडनाव, पगार या क्रमाने येणारे आपले नेहमीचे प्रश्न बाजूला सारून विचारतात, "आलात कधी?"

"डिसेंबरात."

"म्हणजे अजून आला नाहीत," काका म्हणतात. "जून काढा, मग बोलू."

काका मूळचे डोंबिवलीचे, गिरगावचे नाहीतर चिपळूणचे असतात. नव्वदच्या दशकात एका शिपिंग कंपनीत हिशेब लिहायला आले, दोन वर्षांत परत जायचं ठरवून आले आणि ते ठरवणं अजून चालूच आहे. त्यांच्या ज्येष्ठतेचे पुरावे पक्के. मेट्रो २००९ साली सुरू झाली, ते तिच्या आधीचे. बसथांब्यांना काचा आणि एसी लागले, ते त्याच्याही आधीचे. साप्ताहिक सुट्टी गुरुवार-शुक्रवार होती, मग २००६ साली शुक्रवार-शनिवार झाली, मग २०२२ साली शनिवार-रविवार. काकांनी तिन्ही राजवटी पाहिल्या. पण त्यांचा खरा अधिकाराचा विषय म्हणजे उन्हाळा. तापमान सांगताना ते 'अंश' असा शब्दही वापरत नाहीत. "काल अठ्ठेचाळीस होतं," एवढंच म्हणतात आणि समोरच्याचा चेहरा पाहतात.

पहिला धडा न्हाणीघराचा. जून लागला की गिझर बंद करायचा आणि गरम पाण्याच्या नळाखाली अंघोळ करायची. नवा माणूस गोंधळतो. काका शांतपणे उलगडा करतात: थंड पाणी येतं गच्चीवरच्या टाकीतून, ती टाकी दिवसभर उन्हात. त्या नळाखाली चहा होईल, अंघोळ नाही. बंद गिझरमधलं पाणी मात्र घरातल्या एसीत राहून निवतं. म्हणून लाल खुणेचा नळ गार, निळ्या खुणेचा नळ कढत. ऑक्टोबरात पुन्हा उलट. ही अदलाबदल ज्या दिवशी डोळे मिटून जमली, त्या दिवशी माणूस दुबईकर झाला, असं काका मानतात.

दुसरा धडा सावलीचा. कोणत्या इमारतीची सावली सकाळी अकरापर्यंत कुठल्या बाजूला पडते, हे त्यांना पाठ आहे. जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि चाळीस मजली इमारतीची सावली तिच्याच पायाशी गोळा होते, तेव्हा पार्किंगमधलं एखादं कडुनिंबाचं झाड काकांना बुर्ज खलिफापेक्षा मोलाचं वाटतं. त्या झाडाखालची जागा मिळावी म्हणून ते वीस मिनिटं गोल गोल फिरतात. गाडीत एसी चालू असतोच. पुढच्या काचेला चंदेरी पडदा, स्टीअरिंगवर टॉवेल. "पट्ट्याचं बक्कल आधी फुंकर मारून बघायचं," हा सल्ला ते प्रत्येकाला देतात. ज्यांनी मानला नाही, त्यांची मनगटं उदाहरण म्हणून दाखवतात.

या शास्त्राला आजवर एकानेच आव्हान दिलं, तो नागपूरचा. नागपूरकराला उन्हाचं भय घालणं हा त्याचा अपमान असतो. "काका, आमच्याकडे २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ होतं," पोरगा म्हणाला. "खिशात कांदा, तोंडाला दुपट्टा, घरी वाळ्याच्या ताट्यांचा कूलर आणि माठातलं पन्हं. बाकी काय लागते?"

काका वाद घालत बसले नाहीत. ऑगस्टमध्ये रात्री नऊ वाजता त्याला खाडीवर घेऊन गेले. पोरगा गाडीतून उतरला आणि त्याच्या चष्म्यावर वाफ धरली. काचा पुसल्या, पुन्हा धरली. सूर्य मावळून दोन तास झाले होते, पण शर्ट पाठीला चिकटला होता आणि सुटायचं नाव घेत नव्हता. नागपूरचं ऊन कोरडं. तिथे घाम येतो आणि उडून जातो, जाताना अंग निववतो. इथे उन्हाळ्यात समुद्रावरून बाष्प येतं, हवेत आधीच इतकं पाणी की तुमचा घाम घ्यायला तिला जागाच नाही. तो अंगावरच राहतो. कूलरचंही तेच, तोही पाणी उडवूनच गारवा देतो, तेव्हा या हवेत तो नुसता पंखा. "आता काढा कांदा," काका म्हणाले. पोरगा एक दिरहम मोजून अब्रात, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीत, बसला, पैलतीरी जाऊन आला, पण वारा काही लागला नाही. त्या दिवसापासून नागपूरचा आकडा त्याने काढलेला नाही.

एवढं सगळं ऐकल्यावर वाटतं, या माणसाने किती ऊन सोसलं असेल! म्हणून काकांचा एक दिवस पाहावा.

शयनगृह चोवीस अंशांवर. तिथून लिफ्ट, लिफ्टमधून तळघरातलं पार्किंग, तिथून गाडी. गाडी ऑफिसच्या तळघरात शिरते. ऑफिस एकोणीसवर, म्हणून काकांच्या खुर्चीच्या पाठीवर बिनबाह्यांचा स्वेटर बारा महिने असतो. पेट्रोल भरायला पंपावरचा माणूस येतो, खाली उतरायचं कारण नाही. चहाची तल्लफ आली की कॅफेटेरियासमोर गाडी उभी करून हॉर्न वाजवायचा; आतला पोरगा कागदी पेल्यातला कडक चहा खिडकीशी आणून देतो. काच जेमतेम पेला आत येईल इतकी उघडते. संध्याकाळचं फिरणं मॉलमध्ये, तेही काकूंच्या शालीसह. स्की दुबईत बर्फ आहे म्हणून पाहुण्यांना तिकडे नेतात, आणि स्वतः बाहेरच्या काचेतून पाहतात, कारण "मला थंडी बाधते". पोहायच्या तलावाचं पाणीसुद्धा उन्हाळ्यात यंत्राने गार करतात. मागच्या तपासणीत डॉक्टरांनी काकांना ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. वर्षभर लख्ख ऊन पडणाऱ्या देशात काकांच्या अंगाला ते लागत नव्हतं.

काकांच्या संसारात उन्हाचा खरा उपयोग एकदाच झाला, तोही काकूंमुळे. त्यांना कुरडया करायच्या होत्या. तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, शिजवून सगळी तयारी झाली आणि मग लक्षात आलं की वाळवण घालायचं कुठे? गच्चीला कुलूप. बाल्कनीत कपडे दिसले तरी महापालिका हरकत घेते, तिथे कुरडयांची काय कथा! शिवाय 'शमाल' वारा सुटला की बारीक धूळ सगळीकडे. काकूंनी क्षणभर विचार केला आणि हात पुढे केला, "गाडीची किल्ली द्या."

बंद गाडीत धूळ नाही, कावळा नाही, कुणाची हरकत नाही. काकूंनी सोऱ्याने ताटांत कुरडया पाडल्या. दोन ताटं डॅशबोर्डवर, दोन मागच्या काचेपाशी, एक पुढच्या सीटवर. आणि इतकी वर्षं सावली शोधणारा माणूस त्या सुट्टीच्या दिवशी ऊन शोधत फिरला. कडुनिंबाखालची जागा नेमकी तेव्हाच रिकामी होती. काकांनी तिच्याकडे पाहिलं, काकूंनी काकांकडे पाहिलं आणि गाडी उघड्यावर जाऊन उभी राहिली. दुपारी तीनला कुरडया कडकडीत. आठवडाभर गाडीला आंबलेल्या गव्हाचा वास येत होता. सोबत येणाऱ्या केरळी मॅनेजरने नाक उडवत विचारलं तेव्हा काका म्हणाले, "नवीन परफ्यूम."

मे महिन्यात पुतण्याच्या लग्नासाठी काका पुण्याला येतात तेव्हा त्यांची खरी परीक्षा होते. पारा अडतीसवर. घरात पंखा. काका बनियनवर येतात, वर्तमानपत्राने वारा घेतात, दर पाच मिनिटांनी खिडकीपाशी जातात. "काय भयंकर उकडतंय रे इथे!"

धाकटा भाऊ विचारतो, "दादा, तिकडे पन्नासला जातं ना?"

"जातं की!"

"मग?"

काका त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहतात. "अरे, तिकडे ऊन असतं. तिकडे उकडत नाही."

दुबई इतक्या वर्षांत त्यांनी अशी पाहिली आहे: काचेतून. उन्हाशी जुळवून घेतलं असं ते म्हणतात. खरं तर त्याची आणि आपली गाठ पडू नये याची त्यांनी चोख व्यवस्था केली, आणि ती व्यवस्था सांभाळण्यात जे कष्ट पडले, त्यांनाच ते उन्हाळा म्हणतात.

ऑगस्टअखेर काकांचा सूर बदलतो. 'सुहैल' उगवला का, याची ते अरब सहकाऱ्यांकडे चौकशी करतात. २४ ऑगस्टच्या सुमाराला पहाटे हा तारा दिसू लागला की उन्हाचा कडाका सरायला लागला, असं इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या मानत आले. आपल्या पंचांगातला अगस्ती तो हाच. काका कधी पहाटे उठून तो पाहत नाहीत, बाहेर दमट असतं. पण व्हॉट्सॲपवर "अगस्तीचा उदय झाला, सुटलो" असा निरोप मात्र न चुकता येतो. मग नोव्हेंबरात वाळवंटात शेगड्या पेटतात, कणसं भाजली जातात आणि बावीस अंशांत काका कानटोपी घालून म्हणतात, "थंडी पडली हं."

या देशात ज्यांची उन्हाशी रोज गाठ पडते, त्यांना काकांच्या धड्यांची गरज नसते. १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन, भर उन्हातल्या कामाला कायद्याने बंदी आहे. हा नियम काका नवख्यांना स्वतः काढल्याच्या थाटात सांगतात. पण साडेबाराच्या आधी आणि तीनच्या नंतरही ऊन असतंच, आणि परांचीवरचा गवंडी, मोटारसायकलवरून जेवण पोचवणारा पोरगा, इमारतीचा नातूर म्हणजे रखवालदार, हे सगळे त्या उन्हातच असतात. ते आकडा सांगत नाहीत.

गेल्या जुलैत काकांची गाडी तळघरातून बाहेर पडत होती. समोर नातूर बादली घेऊन कुणाची तरी गाडी पुसत होता, डोक्याला ओला फडका. काकांना राहवलं नाही. त्यांनी काच दोन बोटं खाली घेतली आणि सुरू झाले: पाणी पीत जा, मीठ घालून पी, लबन म्हणजे इथलं ताक आणून ठेव, दुपारी सावलीत बस, सुती कपडे घाल. नातूर फडका पिळत सगळं ऐकून घेत होता. बोलणं लांबतंय असं पाहून तो जवळ आला आणि काळजीने म्हणाला, "साब, शीशा ऊपर कर लो. ठंडी हवा बाहर जा रही है."