लोहचुंबकाची साक्ष

आजोबांच्या कोटाच्या खिशात एक मिटता चाकू असे. पातं साध्या पोलादाचं, उन्हाळाभर कैऱ्या चिरून चिरून काळंनिळं पडलेलं. फोड तोंडात टाकली की जिभेला आधी लोखंड लागायचं, कैरी मागाहून यायची. आजोबा म्हणत, "खा, रक्त वाढतं." आजी म्हणे, रक्त नाही, दाब वाढतो, आणि तोही माझा, कारण चाकू शेवटी पुसला जायचा तो धोतराला.

निवृत्तीला दोन वर्षं उरली आणि मला एकाएकी वाटू लागलं, आपल्याही खिशात असा एक चाकू हवा. जुन्या घाटणीचा, पण स्टेनलेस.

"कशाला?" हिने विचारलं.

"पेरू वगैरे कापायला."

"पेरू तुम्हाला चालत नाही. बिया दातांत अडकतात."

"मग वगैरे कापीन."

यावर हिने 'वक्त' सिनेमा काढला. चाकू ही पोरांनी खेळायची वस्तू नव्हे, हात कापला तर रक्त येतं, हे राजकुमारने 1965 सालीच पडद्यावर बजावून ठेवलं आहे. हिला तो संवाद पाठ आहे आणि मी दाढी करताना कापून घेतलं तरी तो ऐकवला जातो.

राजकुमारमुळे रामपुरीचा विचार मात्र डोक्यात आला. खटका दाबला की सट्‌कन पातं बाहेर! पण बसमध्ये कोणी पायावर पाय दिला तर मीच "सॉरी" म्हणतो. अशा माणसाच्या खिशात रामपुरी असणं हा रामपूरचा अपमान झाला असता.

मग स्वित्झर्लंडचा तो लाल चाकू. त्याची कुळकथा मला फार आवडली. कार्ल एल्सनर यांनी 1884 मध्ये कारखाना काढला, 1891 पासून स्विस सैन्याला चाकू पुरवले. 1909 मध्ये आई वारली, तेव्हा तिचं व्हिक्टोरिया हे नाव मालाला दिलं. पुढे 1921 मध्ये स्टेनलेस पोलाद आलं, तेव्हा त्याचं फ्रेंच नाव 'इनॉक्स' आईच्या नावाला जोडून 'व्हिक्टोरिनॉक्स' केलं. म्हणजे आपलं 'मातोश्री स्टील सेंटर'च की! पण त्या चाकूत बुचं काढायचं, डबे फोडायचं, स्क्रू पिळायचं असं सगळंच असतं. ते खिशात घेऊन हिंडलो तर सोसायटीतला प्रत्येक ढिला स्क्रू माझ्या दारात आला असता.

शेवटी मन बसलं ओपिनेलवर. फ्रान्सच्या साव्हॉय डोंगरातला हा शेतकऱ्याचा चाकू. जोसेफ ओपिनेलने 1890 मध्ये, वयाच्या 18 व्या वर्षी तो घडवला. घरचा धंदा कुऱ्हाडी-कोयत्यांचा. लाकडी मूठ, एक पातं, बास. 1955 पासून मुठीच्या तोंडाशी एक कडी आहे. ती फिरवली की पातं बोटांवर मिटत नाही. 1897 मध्ये त्याची 1 ते 12 नंबरांची मापं ठरली, त्यातली 1 आणि 11 पुढे बंद झाली. मी 8 नंबर निवडला. पातं साडेआठ सेंटिमीटर, आणि माझ्या चपलेचा नंबरही आठच. जुळलेल्या पत्रिका मोडू नयेत.

एका दर्दी मित्राने नाक मुरडलं. "घ्यायचा तर साध्या पोलादाचा घे. पात्यावर काळी झाक चढते, ती खरी कमाई." ती कमाई मी बारा उन्हाळे कैरीबरोबर खाल्ली होती. त्याने मग इतिहास काढला. शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीने 1913 मध्ये स्टेनलेस पोलाद केलं, तेव्हा तिथले चाकूवाले त्याला 'न कापणाऱ्या चाकूंचा जनक' म्हणून हसले होते. हसोत. मी स्टेनलेसच मागवला.

चाकू आला. हिने तो उलटसुलट पाहिला आणि शिवणाचा डबा आणला. त्यात जुन्या स्पीकरमधलं एक लोहचुंबक असतं, सांडलेल्या टाचण्या गोळा करायला. बोहारणीकडून भांडं घेताना हिची आई ज्या नजरेने चुंबक लावायची, त्याच नजरेने हिने ते पात्याला लावलं.

टक्!

"चिकटलं. फसवलं तुम्हाला."

मी शास्त्र सांगू लागलो. आपल्या चांगल्या ताटवाट्यांच्या स्टीलमध्ये क्रोमियम साधारण 18 टक्के, निकेल 8 टक्के. त्याला चुंबक चिकटत नाही, पण ते तापवून विझवलं तरी कडक होत नाही. वाटीला कुठे धार लावायची असते? पात्याला कडकपणा हवा, म्हणून त्यात निकेल जवळपास नसतं, कार्बन जास्त असतं आणि क्रोमियम 13-14 टक्क्यांवर थांबतं. असं पोलाद चुंबकाला चिकटणारच. ती खोट नव्हे, जात आहे.

हिने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे कमी स्टेनलेस."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. वाक्यात चूक सापडेना.

रविवारी चाकू घेऊन सिंहगडावर गेलो. पेरूवाल्याकडे करवतीच्या तुटक्या पात्याचा चाकू होता, मुठीला चिंधी गुंडाळलेली. मी माझा काढून नखाने पातं ओढतोय, कडी फिरवतोय, तोवर त्याने पेरूच्या चार फोडी करून तिखटमीठ लावून हातात ठेवल्यासुद्धा. मग माझा चाकू घेऊन त्याने अंगठ्याने धार पाहिली.

"भारी आहे, काका. पण उघडायलाच दोन हात लागतात. मग पेरू कोण धरनार?"

बिया दातांत अडकल्या. चाकूला दातकोरणं नव्हतं. ते त्या मातोश्रीवाल्या चाकूत असतं.

हल्ली चाकू शिवणाच्या डब्यात असतो, चुंबकाला चिकटलेला. त्यामुळे तो हरवत नाही, टाचण्या मात्र डब्यात मोकळ्या फिरतात. परवा पार्सल आलं, तेव्हा आतून हाक आली, "अहो, तुमचा तो कमी स्टेनलेस आणा जरा!"