मोडेन, पण वाकणार नाही!

मोडेन, पण वाकणार नाही, हा म्हणे मराठी बाणा. सकाळच्या लोकलमध्ये एकदा नजर फिरवा. डबाभर माना, आणि झाडून सगळ्या वाकलेल्या. समोर ना देव, ना साहेब. तळहाताएवढा मोबाइल!

माणसाचं डोकं साधारण पाच किलोचं, मग आत काही असो वा नसो. ते सरळ असतं तोवर कणा मुकाट पेलतो. न्यूयॉर्कचे मणक्यांचे सर्जन केनेथ हंसराज यांनी 2014 मध्ये संगणकावर हिशेब मांडला, की मान 60 अंशांनी वाकली तर तिच्यावर सुमारे 27 किलोंचा भार येतो. म्हणजे तांदळाचा अख्खा कट्टा आणि वर दोन किलो साखर. वाण्याकडून तोच कट्टा घरी आणायचा म्हटलं, की गृहस्थ म्हणतात, "छे, माझी मान धरलीय!"

मान धरली की खरेदी सुरू. पाठीला पट्टा, मानेला उशी, बुडाला महागडी खुर्ची. शिवाय मान वाकली की इशारा देणारं ॲप. इशारा आला की तो वाचायला मान आणखी वाकवायची.

फुकटचा उपाय मात्र कुणाला पटत नाही. तासन् तास पुढे झुकून छातीचे स्नायू आखडतात, पाठीचे ताणून ताणून दमतात, आणि खांदे पुढे येतात. म्हणून दाराच्या चौकटीत उभं राहायचं, कोपरं काटकोनात वाकवून हात चौकटीला टेकवायचे, एक पाऊल पुढे टाकायचं आणि छाती ताणली जाईल तिथे 30 सेकंद थांबायचं. मग भिंतीला पाठ लावून हनुवटी सरळ मागे ओढायची. दुहेरी हनुवटी दिसेल, दिसू द्या. दिवसातून दोन-तीनदा. नुसत्या ताणाने भागत नाही, पाठीत बळही हवं. आणि अर्ध्या-पाऊण तासाने खुर्चीवरून उठायला हवं. इथे मात्र बाणा जागा होतो. खुर्ची सोडायची? आपल्याकडे ती सुखासुखी कुणी सोडलीय?

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः सूर्यनमस्कार घालत, संस्थानातल्या शाळांतही त्यांनी ते सुरू केले. 1928 मध्ये त्यावर इंग्रजीत पुस्तकही लिहिलं. राजा रोज वाकायचा, म्हणून ताठ होता. पुण्यात योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांनी आसनं जमावीत म्हणून खुर्ची, पट्टा, दोर हाताशी घेतले. आपण खुर्ची आणि पट्टा तेवढे घेतले, आसनं त्यांना ठेवली. नमस्कारही आपण सोडलेला नाही. बारा स्थितींचा होता, तो आता ग्रुपवर सकाळी सहाला एका अंगठ्यात उरकतो.

म्हणजे बाणा शाबूत आहे, फक्त जागा चुकली. जिथे वाकू नये तिथे दिवसभर वाकायचं; आणि पायाचे अंगठे धरायला सांगितलं की गुडघ्यापाशीच अडून म्हणायचं, "मोडेन, पण..."

चौकटीतल्या त्या 30 सेकंदांना धोका एकच. मागून आजी ओरडेल, "मेल्या, तिन्हीसांजेला उंबऱ्यात काय उभा राहिलास?"

तिची पाठ बघा. ऐंशीतही सरळ आहे. जन्मभर जात्यावर आणि रहाटावर वाकलीय ती.