मास्तरांच्या माश्या

काय गो वयनी, मास्तर आज घरीच? शनिवार असून बसस्टॉपवर दिसले नाहीत, म्हणून विचारते. एरवी इस्त्रीचा शर्ट, खांद्याला झोळी, सकाळच्या बसने नालासोपारा नि तिथून चर्चगेट. नोकरी सुटली पण लोकल काही सुटेना!

मला वाटायचं, कुठे हिशेब लिहायला जात असतील. तर नाही. म्युझियममध्ये, ते घुमटाचं, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. पगार शून्य. शाळेची पोरं आली की त्यांना फिरवून दाखवायचं. आणि दाखवतात काय, तर आपल्या भुईगावचा दगड! १९५६ साली सापडला, अशोकाचं लिखाण आहे त्यावर. भुईगावचा दगड बघायला चर्चगेटचं तिकीट काढा, म्हणजे झालं.

हसू नको. बुरुड राजाचा कोट, तो जुना बौद्ध स्तूप, तर आपल्या सोपाऱ्यातच आहे, आपण कधी आत गेलो? मी लग्नाला जाताना रिक्षातून पाहिलाय, तेवढाच. १८८२ साली संशोधक भगवानलाल इंद्रजींनी तिथे खणलं तेव्हा डबीत डबी निघाली म्हणे. तांब्याची, त्यात चांदीची, मग दगडाची, स्फटिकाची, सगळ्यांत आत सोन्याची. आणि सोन्याच्या डबीत काय? मातीच्या खापऱ्या! बुद्धाच्या भिक्षापात्राच्या म्हणून जपलेल्या. हे मास्तरांनी सांगितलं, तेव्हा माझ्या हातातली सुकटीची परात तशीच राहिली नि मांजरीचं फावलं.

बरं, माश्यांचं ऐकलंस? सातेरी मधमाश्यांच्या दोन पेट्या आहेत त्यांच्याकडे, नारळाखाली. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. मी म्हटलं, मास्तर, एवढा मोगरा, काकडा लावलाय आम्ही, तुमच्या माश्यांची चंगळ! तर म्हणाले, मोगऱ्यावर माशी फारशी फिरकत नाही. तिला तुमचा शेवगा, नारळाची पोय, जांभूळ, तुळस हवी. आपण दादरच्या फुलबाजारासाठी राबायचं आणि माशीने तुळशीवर बसायचं. असो. माश्यांमुळे काकडी मात्र औंदा लगडली, ते मी मान्य करते. पण फवारणी सकाळी करू नका, दिवस मावळल्यावर करा, हे सांगायला ते कुंपणापाशी आले होते, तेव्हा आमच्या यांचं तोंड बघायला हवं होतंस! तरी आता संध्याकाळीच मारतात.

पावसात मात्र त्या माश्यांचे हाल. फुलात मध नाही, बाहेर पडायची सोय नाही. मास्तर साखरेचं पाणी करून ठेवतात. सगळा मध काढून घेतला तर पावसात पेटी रिकामी, असं त्यांचं गणित, म्हणून आपल्याला इवलीशी बाटली मिळते. आपणही अगोटीला सुकट, कांदे, मसाला भरतोच ना? मग माशीने भरलेलं आपण का न्यायचं? माझ्या सासूला हे पटत नाही. तिला खोकल्याला मध हवा नि तो फुकट हवा.

आणि बावखल, विहिरींना पाणी मुरवणारं आपलं तळं! भोवतालच्यांनी बुजवली, वर चाळी उठवल्या. मास्तरांनी मे महिन्यात आपलं गाळ काढून मोकळं केलं. लोक हसले. आता बघ, ज्यांची बावखलं गेली त्यांच्या विहिरीचं पाणी मचूळ, पंप लावून लावून आणखी खारं. मास्तरांच्या विहिरीवर मी तांदूळ शिजवायला हंडा नेते. तू पण नेतेस, मी पाहिलंय.

एक विचार आलाय. आपण फुलं घेऊन पहाटेच्या लोकलने दादरला जातोच ना? माल टाकून तसंच पुढे जाऊ, तो भुईगावचा दगड बघून येऊ. अडचण एवढीच, ते उघडतं सव्वादहाला आणि आपण सातला मोकळ्या. तीन तास काढायचे कुठे? दादरला वडापाव खाऊ, मग हळूहळू निघू. फुलांच्या टोपल्या मात्र आत नेऊ देणार नाहीत, त्या कुठे ठेवायच्या ते मास्तरांना विचारते. तुझ्या सासूला तू सांग. माझ्याकडून ऐकलं तर लगेच नाही म्हणेल!