आयरिश पणजी शोधण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

साहित्य : पणजीचे नाव, भरपूर चिकाटी आणि कागदावर विश्वास न ठेवण्याची तयारी.

१. पणजी ब्रिजेट होती एवढीच माहिती असेल, तर ती तूर्त बाजूला ठेवावी. घरात ती बिडी किंवा ब्रायडी असते. कॅथलिक धर्मगुरू बाप्तिस्म्याच्या वहीत लॅटिनमधून तिची ब्रिजिडा करतात. अमेरिकेत धुणीभांडी करायला गेली की ती डेलिया होते, कारण तिथे ‘बिडी’ म्हटले की आयरिश मोलकरीणच समजतात. बाई एकच आहे. वंशवृक्षात चार फांद्या काढू नयेत.

२. पुरुषांसाठी धीर वाढवून घ्यावा. आयरिश टाइगचा कारकून टिमोथी करतो, धर्मगुरू थॅडियस, शेजारी थेडी. डिअरमिडचा गावात डार्बी, लॅटिनमध्ये डेमेट्रियस आणि इंग्रजीत जेरेमाया होतो. का, असे विचारू नये. विचारणारे अजून दुसऱ्याच पायरीवर आहेत.

३. आता उलट बाजू. थोरल्याला वडिलांच्या वडिलांचे नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे, असा रिवाज. म्हणजे पॅट्रिकला पाच मुलगे असले, तर गावात पाच नातू पॅट्रिक, आणि पाचही एकाच आडनावाचे. इथे मात्र पाच फांद्या काढाव्यात.

४. म्हणून नाव सोडून बाकी सगळे पाहावे : टाउनलँड (वाडीएवढा जमिनीचा तुकडा, आयर्लंडमध्ये असे साठ हजारांहून अधिक आहेत), आईचे माहेरचे आडनाव, बाप्तिस्म्याला उभे राहिलेले धर्मपिता-धर्ममाता. मामा-मावशा सहसा तिथेच सापडतात.

५. जनगणना पाहायची तर १९०१ आणि १९११ची. १८२१ ते १८५१च्या बहुतेक याद्या १९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये जळाल्या. पुढच्या चार सरकारने आधीच स्वहस्ते नष्ट केल्या होत्या. आगीवर भिस्त ठेवली नाही.

६. वयाचा ताळा करू नये. जानेवारी १९०९पासून सत्तरी गाठलेल्या गरिबांना पेन्शन सुरू झाली. सर्वांची जन्मनोंदणी १८६४पासूनची, त्यामुळे म्हाताऱ्यांकडे दाखला नव्हता. परिणामी दोन जनगणनांमधल्या दहा वर्षांत कित्येक आजोबा पंधरा वर्षांनी थकले.

निष्कर्ष : नाव जुळत नाही, वय जुळत नाही, पण वाडी आणि बायको जुळते, तर आपला माणूस सापडला. नाव आणि वय दोन्ही तंतोतंत जुळले, तर तो बहुधा शेजाऱ्यांचा आजोबा आहे; त्यांना कळवावे.