विमानकाका

ज्या सोसायटीतली चार मुलं अमेरिकेत आहेत, तिथे एक विमानकाका असतातच. पुण्यात एकाच इमारतीत दोन निघतात आणि त्यांचं आपसात पटत नाही. एकाचा मुलगा न्यू जर्सीत, म्हणजे मुंबईहून साडेबारा हजार किलोमीटर. दुसऱ्याची मुलगी सॅन फ्रान्सिस्कोला, साडेतेरा हजार. हा वरचा एक हजार दुसरे काका पेन्शनच्या आकड्यासारखा मिरवतात.

काका स्वतः आयुष्यभर एसटीने फिरले. पण दिवाणखान्यात पृथ्वीचा गोल आहे आणि काकूंच्या शिवणाच्या डब्यातला धागा. पाहुणा चहा घेईपर्यंत धागा मुंबईवर टेकतो, ताणला की कझाकस्तान, रशिया, फिनलंड करत आइसलंडवरून न्यू यॉर्कला उतरतो. "नकाशा सपाट, पृथ्वी गोल. जवळचा रस्ता वरून जातो!" २०२२मध्ये रशियाचं आकाश अमेरिकी कंपन्यांना बंद झालं, एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानचं भारतीय विमानांना. दोन्ही वेळा काका असे चिडले, की जणू कोणी त्यांच्या पार्किंगमध्ये गाडी लावली.

शेजारच्या जोशीकाकू एकदा म्हणाल्या, "रात्री दोनला निघून सकाळी साडेआठला पोचतो? साडेसहाच तास? आमची नागपूरची गाडी याहून जास्त घेते हो." त्यांना तासभर बसवून घेतलं. दोन्हीकडच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक, हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे खरे सोळा तास. येताना पाठीशी वारा, म्हणून वेळ कमी. जोशीकाकूंनी हल्ली लिफ्ट सोडून जिना धरला आहे.

हे सगळं गणित मिनिटावर असतं. कोथरूड ते मुंबई विमानतळ हे दीडशे किलोमीटर मात्र काकांनाही सुटलेले नाहीत. रात्री दोनच्या विमानाला दुपारी तीनला घर सोडायचं. "घाटात टँकर उलटला तर?" टँकर उलटत नाही. मुलगा विमानतळावर बॅगेला टेकून जांभया देतो.

उरलेली रात्र काका मोबाइलच्या नकाशावर सरकणारं पिवळं विमान पाहत जागतात. काकू मध्येच विचारतात, "जेवला असेल का?" उत्तर येतं, "अडतीस हजार फुटांवर आहे."

संध्याकाळी फोन येतो.

"पोचलो, बाबा."

"माहीत आहे. बावीस मिनिटं आधी उतरलास. आइसलंडवरून गेलात. दिसलं का?"

"झोपलो होतो."

"ग्रीनलंड?"

"बाबा, मधली सीट होती."

काका फोन काकूंच्या हातात देतात. "घे, तूच बोल. याला विचारण्यात काही अर्थ नाही."