पडद्यावरचा किल्ला

शाळेतलं नाटक आता ‘स्मार्ट’ झालं आहे. समजा, गिरीजमधल्या एखाद्या शाळेने स्नेहसंमेलनात चिमाजी अप्पांची पोर्तुगीजांविरुद्धची 1739ची वसई मोहीम बसवायला घेतली. खरा वसईचा किल्ला सायकलवर जाण्याइतका जवळ. पण नाटकातला बुरूज एलईडी पडद्यावरच येणार, आणि तोही बहुधा राजस्थानातला! संवाद आधीच ध्वनिमुद्रित, मुलांनी फक्त ओठ हलवायचे. चिमाजी अप्पांचा आवाज कुणाच्या काकांचा, हे विचारायचं नाही. वीज गेली, की मराठे आणि पोर्तुगीज दोघेही एकदम मुके. लढाईआधीच रंगमंचावर तह होतो.

विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं, तेव्हा माइकसुद्धा नव्हता. तरी मराठी नाटक उभं राहिलं, कारण नट बोलत होते.

पडद्याशी किंवा मोबाइलशी भांडण नाही. मुलांनी मोबाइलवर आपली तालीम पाहावी, किल्ल्यात जाऊन चित्रण करावं, वसईतल्या आजीची सामवेदी बोली टिपून संवादात आणावी. पण ओठ हलवणं हाच अभिनय ठरणार असेल, तर पहिलं बक्षीस सरळ साउंडवाल्याला द्या. निदान तो तरी तालमीला वेळेवर येतो.